दोघांच्या लांब प्रवासासाठी वापरलेली टूरिंग मोटरसायकल कशी निवडावी

वापरलेली टूरिंग मोटरसायकल घेताना बहुतेकांचा क्रम चुकतो. आधी गाडी पसंत होते, मग ती एकट्याने चालवून पाहिली जाते, मग पैसे दिले जातात. आणि ज्या व्यक्तीला मागे बसवण्यासाठी एवढी मोठी गाडी घ्यायची ठरले होते, ती व्यक्ती पहिल्यांदा तिच्यावर बसते ती थेट पहिल्या लांब प्रवासाच्या सकाळी. मी स्वतः एकदा अशी गाडी घेतली होती. तिचे इंजिन निर्दोष होते आणि कागदपत्रे चोख होती, पण तासाभरातच सहप्रवाशाचे गुडघे आखडत, आणि प्रत्येक मोठ्या खड्ड्यावर मागचा शॉकॲब्सॉर्बर तळाला आदळत असे. वर्षाच्या आत ती गाडी विकावी लागली. या दोन्ही गोष्टी खरेदीपूर्वी पाऊण तासात कळल्या असत्या.

म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. पहिले दोन टप्पे घरीच, एकही गाडी पाहण्याआधी करायचे आहेत.

टप्पा १: वजनाचा हिशेब मांडा

प्रत्येक मोटरसायकलला उत्पादकाने ठरवून दिलेली एकूण वजनाची कमाल मर्यादा असते. ती मालक-पुस्तिकेत आणि अनेकदा चॅसिसवरील पट्टीवर छापलेली असते. या मर्यादेतून भरलेल्या टाकीसह गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की गाडी किती भार वाहू शकते ते कळते. मोठी आणि जड गाडी म्हणजे जास्त भार पेलणारी गाडी, हा समज चुकीचा आहे. गाडीचे स्वतःचे वजनच त्या मर्यादेचा मोठा हिस्सा खाऊन टाकते.

एक उदाहरण घेऊ. एका गाडीची कमाल मर्यादा ४५० किलो आहे आणि भरलेल्या टाकीसह तिचे वजन २६५ किलो आहे. म्हणजे १८५ किलो भार चालेल. चालक ८२ किलो आणि सहप्रवासी ६४ किलो, मिळून १४६ किलो झाले. दोघांची हेल्मेट, जॅकेट, बूट, हातमोजे यांचे १५ किलो धरले की १६१. दोन साइड बॉक्स, एक टॉप बॉक्स आणि त्यांचे स्टँड रिकामे असतानाच १६ किलोंच्या आसपास भरतात, म्हणजे १७७. आता कपडे, पाणी, हत्यारे आणि पावसाळी पोशाख यांच्यासाठी उरले फक्त ८ किलो. गाडी कागदावर दणकट दिसत असली तरी या जोडप्याच्या आठवडाभराच्या प्रवासाला ती पुरणारी नाही.

हिशेब करताना दोन ठिकाणी घसरायला होते. काही उत्पादक गाडीचे ‘कोरडे’ वजन देतात, ज्यात पेट्रोल, ऑइल किंवा बॅटरी धरलेली नसते. पेट्रोलचे वजन लिटरमागे साधारण पाऊण किलो असते, म्हणजे २२ लिटरच्या टाकीत १६ किलोंहून अधिक पेट्रोल मावते. दुसरे म्हणजे, छापील वजनात मूळ साइड बॉक्स धरले आहेत की नाहीत हे प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने ठरवतो. पुस्तिकेतील तळटीप वाचल्याशिवाय आकडा पक्का मानू नये.

*तपासणी:* स्वतःचे वजन अंदाजाने लिहू नका. दोघांनीही प्रवासाचा संपूर्ण पोशाख घालून, बूट आणि हेल्मेटसह, काट्यावर उभे राहा आणि तो आकडा लिहून ठेवा. तुमचा एकूण भार १९५ किलो येत असेल आणि एखादी गाडी १८० किलोच पेलत असेल, तर ती गाडी पाहायला जाऊच नका. समोर गेल्यावर ती आवडेल आणि मग आकडे विसरले जातील.

टप्पा २: मागे बसणाऱ्या व्यक्तीची मापे घ्या

चालकाच्या उंचीचा विचार सगळेच करतात. मागे बसणाऱ्याच्या बाबतीत मात्र ‘सीट मोठी आहे’ एवढेच पाहिले जाते. वास्तविक मागच्या बैठकीतील त्रासाचे मूळ बहुतेक वेळा सीटमध्ये नसून सीट आणि फूटरेस्ट यांच्यातील अंतरात असते. हे अंतर कमी असले की गुडघे काटकोनापेक्षा बरेच जास्त दुमडतात, मांड्या सीटवरून उचलल्या जातात, शरीराचा सारा भार एका लहान जागेवर येतो आणि अर्ध्या तासात कंबर बोलू लागते.

घरी एक सोपा प्रयोग करावा. सहप्रवाशाने एका कडक बाकावर बसावे आणि पायांखाली पुस्तकांचे गठ्ठे ठेवून उंची कमी-जास्त करत जावी. ज्या उंचीवर वीस मिनिटे पाय न हलवता बसता येते ती उंची धरून बाकाच्या पृष्ठभागापासून तळपायापर्यंतचे अंतर मोजावे. हेच तुमचे किमान अंतर. गाडी पाहायला जाताना मापपट्टी खिशात ठेवावी आणि मागच्या सीटपासून फूटरेस्टपर्यंतचे अंतर सर्वप्रथम मोजावे. हे माप जमत नसेल तर पुढचे काहीही तपासण्यात अर्थ नाही. काही गाड्यांना फूटरेस्ट खाली आणणारे ब्रॅकेट मिळतात, पण सायलेन्सर किंवा साइड बॉक्स आड येत असेल तर तेही बसत नाहीत.

याच वेळी सहप्रवाशाला काही प्रश्न विचारावेत आणि उत्तरे मनापासून ऐकावीत. गुडघ्याचे, कंबरेचे किंवा मानेचे जुने दुखणे आहे का? पाय किती उंच उचलून पलीकडे टाकता येतो? उंच बसून पुढचे दिसावे असे वाटते, की चालकाच्या आड वाऱ्यापासून सुरक्षित बसावे असे वाटते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गाडीचा प्रकार जवळजवळ ठरवूनच टाकते, कारण उंच मागच्या सीटवरून रस्ता छान दिसतो, पण विंडशील्डवरून आलेला वारा नेमका तिथेच हेल्मेटवर आदळतो.

टप्पा ३: गाडीचा प्रकार ठरवा

या टप्प्यात फार रेंगाळण्याची गरज नाही, कारण वर काढलेले दोन आकडे बरेचसे पर्याय आपोआप गाळतात.

पूर्ण टूरिंग गाड्या, म्हणजे होंडा गोल्ड विंगसारख्या, मागे बसणाऱ्यासाठी सर्वांत आरामदायी असतात. पाठीला आधार, हातांना आधार, रुंद सीट आणि कमी दुमडणारे गुडघे हे सगळे त्यांत मुळातच असते. त्याची किंमत वजनात मोजावी लागते, आणि ते वजन हायवेवर जाणवत नसले तरी उतारावरच्या खडीत गाडी वळवताना पुरेपूर जाणवते. स्पोर्ट-टूरिंग गाड्या, उदाहरणार्थ यामाहा एफजेआर १३०० किंवा बीएमडब्ल्यूची आरटी मालिका, हाताळायला हलक्या वाटतात आणि दोघांना नीट वाहतात, मात्र मॉडेलनुसार मागच्या फूटरेस्टची उंची बरीच बदलते. ॲडव्हेंचर प्रकारच्या गाड्यांत पायांना जागा भरपूर असते, पण सीट उंच असते आणि चढणे-उतरणे अवघड जाते. क्रूझरमध्ये चालक निवांत असतो, तर मागची सीट अनेकदा शोभेपुरती असते आणि मागच्या शॉकॲब्सॉर्बरची हालचाल इतकी कमी असते की दोघांच्या वजनाने ती संपूनच जाते.

एकाच नावाच्या गाडीतही वर्षागणिक फरक पडतो हे लक्षात ठेवावे. गोल्ड विंगची २०१८ साली नव्याने रचना झाली तेव्हा गाडी हलकी झाली, पण मागची पाठ बरीच ताठ झाली आणि मागचा ट्रंक लहान झाला. पुढे २०२१ मध्ये टूर आवृत्तीत पाठीचा कोन १७ अंशांवरून २४.५ अंशांवर नेण्यात आला आणि ट्रंक ६१ लिटरचा करण्यात आला. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात या दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या दिसतात आणि दुरून सारख्याच वाटतात. मागे बसणाऱ्याच्या पाठीला मात्र फरक लगेच कळतो.

इंजिनाबाबत एवढेच सांगतो की कमाल अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा कमी आणि मध्यम फेऱ्यांवरील टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, अधिक महत्त्वाचा आहे. दोघे आणि सामान घेऊन चढावर पुढच्या वाहनाला मागे टाकताना दोन गिअर खाली यावे लागत असेल, तर प्रत्येक वेळी झटका मागे बसणाऱ्याला बसतो.

टप्पा ४: प्रत्यक्ष जाण्यापूर्वी फोनवर विचारा

विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात. गाडी दोघांनी किती वापरली? मागचा शॉकॲब्सॉर्बर मूळचा आहे की बदलला आहे? टॅपेटचे, म्हणजे इंजिनातील व्हॉल्व्हची फट जुळवण्याचे, शेवटचे काम कधी झाले आणि त्याचे बिल आहे का? आणि सहप्रवाशासह चाचणी फेरी घेता येईल का? शेवटच्या प्रश्नाला नकार मिळाला तर तो समजण्यासारखा असू शकतो, कारण गाडीला काही झाले तर जबाबदारीचा प्रश्न येतो. अशा वेळी त्याच मॉडेलची गाडी भाड्याने घेऊन दोघांनी दिवसभर चालवून पाहावी आणि मगच विक्रेत्याकडे जावे. आराम त्या गाडीवर तपासावा, यांत्रिक अवस्था या गाडीवर.

कमी किलोमीटरच्या आकड्याला भुलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बारा वर्षांत ९,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचे टायर वयाने कडक झालेले असतात, ऑइल सील सुकलेले असतात आणि टाकीत जुने पेट्रोल राहून इंजेक्टर चिकटलेले असू शकतात. त्यापेक्षा वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली ६०,००० किलोमीटरची मोठी टूरिंग गाडी मी बिनदिक्कत घेईन, कारण ती याच कामासाठी बनलेली आहे आणि तिच्यातील दोष एव्हाना उघड होऊन दुरुस्त झालेले असतात.

*सावधान:* ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, इंजिन थंड असू द्या’ असे स्पष्ट सांगून ठेवा. तिथे पोहोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाच्या जवळ हाताची उलटी बाजू नेऊन पाहा. इंजिन गरम असेल तर थंड असतानाचे धुराचे आणि आवाजाचे दोष तुम्हाला दिसणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याची तयारी ठेवा.

टप्पा ५: गाडी उभी असताना दोघांनी बसून पाहा

आधी चालकाने एकट्याने बसून गाडी साइड स्टँडवरून सरळ करावी. मग सहप्रवाशाने चढावे. चालकाचे दोन्ही तळपाय जमिनीवर नीट टेकतात का आणि सहप्रवासी चढताना गाडी कलली तर ती सावरता येते का, हे इथेच कळते. दोघे बसल्यावर गाडी खाली दबते, म्हणून एकट्याने बसताना उंच वाटलेली गाडी दोघांनी बसल्यावर कधी कधी जमते. उलट रुंद सीटमुळे पाय फाकून टेकावे लागत असतील तर ती अडचण तशीच राहते.

गाडी साइड स्टँडवर असताना फूटरेस्टवर उभे राहून चढण्याची सवय अनेक सहप्रवाशांना असते. तसे करण्याची परवानगी पुस्तिकेत दिलेली नसेल तर ते करू नये, कारण संपूर्ण वजन एकाच बाजूने स्टँडच्या बिजागरीवर येते. वापरलेल्या गाडीत स्टँड नेहमीपेक्षा जास्त कललेला दिसला तर आधीच्या मालकाकडे हेच होत होते असे समजावे.

आता दोघांनी दहा मिनिटे तशाच स्थितीत बसावे. लोकांना हे अवघडल्यासारखे वाटते आणि दोन मिनिटांतच ते उतरतात. कृपया उतरू नये. या दहा मिनिटांत सहप्रवाशाने पुढील गोष्टी पाहाव्यात: पाय फूटरेस्टवर पूर्ण ठेवता येतो की साइड बॉक्सला टाच लागते, पकडायचे हँडल हात सहज जाईल तिथे आहे की पाठीमागे वळवून धरावे लागते, सीट पुढे उतरती आहे का, कारण उतरत्या सीटवर प्रत्येक ब्रेकला शरीर चालकावर घसरते, आणि टॉप बॉक्सच्या गादीचा आधार कंबरेला मिळतो की फक्त खांद्यांच्या पात्यांना. खांद्यांना टेकणारी गादी माणसाला पुढे ढकलते.

मऊ सीटबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. दुकानात बसल्या क्षणी सुखद वाटणारी मऊ सीट तासाभरात दबून तळाला टेकते आणि मग हाडे थेट सीटच्या कडक बुडावर येतात. जरा कडक पण रुंद आणि सपाट सीट लांब प्रवासाला नेहमी सरस ठरते. जुन्या गाडीत अंगठ्याने सीट जोरात दाबून पाहावी. फोम हळूहळू वर न येता खळगा तसाच राहिला तर तो संपलेला आहे. फोम नवा करून घेता येतो, म्हणून केवळ एवढ्यासाठी गाडी नाकारू नये, पण भावात ते धरावे.

टप्पा ६: यांत्रिक तपासणी, मागून पुढे

एकट्याने वापरलेल्या गाडीत आणि दोघांनी वापरलेल्या गाडीत झीज वेगळ्या ठिकाणी होते. मागे बसणारी व्यक्ती जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावरच बसलेली असते, त्यामुळे तिचे बहुतेक सारे वजन मागच्या चाकावर येते. टॉप बॉक्स तर त्या आसाच्याही मागे लटकतो आणि पुढचे चाक हलके करतो. म्हणून तपासणी मागच्या टोकापासून सुरू करावी.

*मागचा सांगाडा.* सीट काढायला लावावी. टॉप बॉक्सचा स्टँड ज्या ठिकाणी जोडला आहे तिथले वेल्डिंग बॅटरीच्या प्रकाशात पाहावे. रंगाला केसासारखी तडा, गंजाची बारीक रेघ किंवा नंतर मारलेला रंग दिसला तर तिथे जादा वजन वाहिले गेले आहे. टॉप बॉक्ससाठी उत्पादक बहुतेक वेळा ५ ते १० किलोंचीच मर्यादा देतात आणि ती सर्रास मोडली जाते.

*मागचा शॉकॲब्सॉर्बर.* दांड्यावर तेलाचा ओलावा दिसता कामा नये. मागचा भाग जोराने दाबून सोडावा. तो एकदा वर येऊन थांबला पाहिजे, दोन-तीनदा हेलकावे घेत राहिला तर आतील डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे थांबवण्याची क्षमता, गेले आहे. त्यानंतर मापपट्टी घ्यावी. गाडी मेन स्टँडवर असताना, म्हणजे मागचे चाक मोकळे असताना, चाकाच्या आसापासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग गाडी स्टँडवरून उतरवून, दोघांनी बसून तेच अंतर पुन्हा मोजावे, तिसऱ्या कोणाची मदत घेऊन. दोन्हीतील फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. हालचाल १३० मिमी असेल तर ४० ते ४५ मिमी दबणे ठीक. स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला ताण, शेवटपर्यंत आवळूनही गाडी ५५-६० मिमी दबत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनासाठी कमजोर आहे आणि ती बदलावी लागेल. इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन असेल तर दोन हेल्मेटचे चिन्ह निवडल्यावर मागचा भाग खरोखर उचलला जातो का, हे डोळ्यांनी पाहावे. तो उचलला जात नसेल तर सौदा तिथेच थांबवून दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्यावा. हा भाग महाग असतो.

*मागचे चाक.* गाडी मेन स्टँडवर ठेवून चाक वर-खाली आणि मग पुढे-मागे धरून हलवावे. जाणवणारा ढिलेपणा बेअरिंगचा, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) किंवा लिंकेजचा (त्याला शॉकॲब्सॉर्बरशी जोडणाऱ्या सांध्यांचा) असतो.

*टायर.* बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. ‘३५२१’ म्हणजे २०२१ सालातील ३५ वा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचाच, असे धरून चालावे. टायरवर भारांक, म्हणजे तो किती वजन पेलतो हे सांगणारा आकडाही असतो: ७३ म्हणजे ३६५ किलो, ५८ म्हणजे २३६ किलो. आधीच्या मालकाने स्वस्तातला कमी भारांकाचा टायर बसवलेला नाही ना, हे पुस्तिकेशी ताडून पाहावे.

*चेन किंवा शाफ्ट.* मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बिंदूवर चेन बोटांनी ओढून पाहावी. अर्ध्याहून अधिक दात उघडा पडला तर चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही संपले आहेत. चाक पूर्ण फिरवत चेन एका जागी ताणलेली आणि दुसऱ्या जागी सैल होत नाही ना, हेही पाहावे. शाफ्ट असेल तर जोडणीभोवती तेलाची गळती पाहावी आणि त्याचे ऑइल कधी बदलले ते विचारावे. शाफ्टला देखभाल लागत नाही असे समजून वर्षानुवर्षे ते ऑइल न बदललेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

*ब्रेक.* डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. बाहेरच्या कडेला नखाला लागणारी धार तयार झाली असेल तर मोजून पाहावे. ब्रेक ऑइल चहासारखे काळसर दिसत असेल तर ते दोन वर्षांहून अधिक काळ बदललेले नाही असे मानायला हरकत नाही.

*पुढचा भाग.* फोर्कच्या नळ्यांवर तेलाची वर्तुळे नसावीत. पुढचे चाक उचलून हँडल अगदी सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावे. मधोमध ते किंचित अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेला आहे.

*इंजिन आणि वीज.* आता थंड इंजिन सुरू करावे. निळसर धूर ऑइल जळल्याचा, काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा. गरम झाल्यावरही न थांबणारा आणि गोडसर वासाचा पांढरा धूर कूलंट जळत असल्याचा. बंद अवस्थेत बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि ४,००० फेऱ्यांच्या आसपास १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. हे दुसरे माप हँडलचे हीटर, सीटचे हीटर आणि सर्व दिवे सुरू ठेवून पुन्हा घ्यावे. दोघांच्या प्रवासात हे सगळे एकाच वेळी सुरू असते आणि कमजोर स्टेटर (वीज तयार करणारा भाग) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) तेव्हाच उघडा पडतो.

*सावधान:* किलोमीटरचा आकडा आणि झीज एकमेकांशी जुळत नसेल, म्हणजे १५,००० किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे फूटरेस्टचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि डिस्क झिजलेली असेल, तर खुलासा मागत बसू नका. दुसरी गाडी पाहा.

टप्पा ७: चाचणी फेरी, आधी एकट्याने आणि मग दोघांनी

अनोळखी जड गाडीवर पहिल्याच क्षणी कोणाला मागे बसवू नये. पहिली दहा-पंधरा मिनिटे चालकाने एकट्याने घ्यावीत: ब्रेक किती दाबल्यावर लागतो, क्लच कुठे पकडतो, हळू वेगात गाडी कशी वळते. याच फेरीत वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगावर असताना थ्रॉटल पूर्ण उघडावा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही तर क्लच घसरत आहे. दोघांच्या वजनाने तो पहिल्याच घाटात हात टेकेल.

मग टायरचा दाब आणि प्रीलोड दोघांसाठी वाढवावा. पुस्तिकेत दोघांसाठीचे आकडे वेगळे दिलेले असतात; अनेक मोठ्या टूरिंग गाड्यांत मागच्या टायरसाठी ४२ पीएसआय सांगितलेले असते. हा टप्पा गाळला तर तुम्ही गाडीची नव्हे, चुकीच्या जुळणीची परीक्षा घेत असता. बहुतेक लोक नेमका हाच टप्पा गाळतात आणि चांगल्या गाडीला ‘डुलणारी’ ठरवून परत येतात.

दोघांची फेरी किमान ४० मिनिटांची असावी. गुडघे आणि मांड्या साधारण विसाव्या मिनिटानंतर तक्रार करू लागतात, म्हणून १० मिनिटांची फेरी फसवी असते. मार्गात मोकळा वेगाचा रस्ता, खराब रस्ता, चढ आणि संथ गर्दी हे चारही प्रकार असावेत. चालकाने पाहायचे ते थोडके आहे: वळणात गाडी बाहेर ओढते का, खड्ड्यावर मागचा भाग तळाला आदळतो का, पुढचे चाक हलके वाटते का, आणि दोघांसह यू-टर्न घेताना मनात धाकधूक होते का.

सहप्रवाशाचे काम मोठे आहे. त्याने किंवा तिने प्रत्येक टप्प्यावर काय जाणवले ते लक्षात ठेवावे: वेगात हेल्मेट थरथरते का आणि विंडशील्ड खाली-वर केल्यावर फरक पडतो का; गिअर बदलताना हेल्मेट एकमेकांवर आपटतात का; संथ गर्दीत सायलेन्सरची उष्णता उजव्या किंवा डाव्या पायाला भाजते का; फूटरेस्टमधून येणाऱ्या कंपनांनी तळवे बधिर होतात का. विंडशील्ड वर केल्याने नेहमी बरे वाटते असे नाही. चालकासाठी शांत असलेली उंची मागच्या हेल्मेटवर वाऱ्याचा गोंधळ माजवू शकते, आणि कधी ती दोन बोटे खाली आणल्याने दोघांचेही भले होते.

*तपासणी:* उतरल्यावर चालकाने आपले मत आधी सांगू नये. सहप्रवाशाला आधी बोलू द्यावे. गाडीवर जीव जडलेला चालक बोलू लागला की मागचा माणूस ‘ठीक आहे, सवय होईल’ म्हणतो. मागच्या सीटवरच्या दुखण्याची सवय होत नाही. लोक फक्त सोबत येणे बंद करतात. ‘सवय होईल’ हे शब्द ऐकू आले तर त्या दिवशी पैसे देऊ नयेत.

टप्पा ८: कागदपत्रे आणि भाव

चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर स्वतः वाचून कागदाशी जुळवावेत. गाडीवर कर्ज बाकी नाही, विमा-दाव्याचा किंवा मोठ्या अपघाताचा इतिहास लपवलेला नाही आणि उत्पादकाने परत बोलावून करून देण्याचे दुरुस्तीचे काम राहिलेले नाही, हे अधिकृत मार्गाने तपासून घ्यावे.

भाव ठरवताना गाडीच्या किमतीत दोघांच्या वापराला लागणारा खर्च लिहून जोडावा: टायर, ब्रेक ऑइल, चेन, टॅपेट, सीटचा फोम, स्प्रिंग, फूटरेस्टचे ब्रॅकेट. फेअरिंग, म्हणजे इंजिनाभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण, असलेल्या गाडीत टॅपेटच्या कामाची मजुरी जास्त असते, कारण निम्मा वेळ प्लॅस्टिक काढण्या-बसवण्यातच जातो. दोन गाड्यांची तुलना या बेरजेवर करावी. आधीच्या मालकाने चांगला शॉकॲब्सॉर्बर आणि नवी सीट बसवलेली महाग गाडी पुष्कळदा शेवटी स्वस्त पडते.

टप्पा ९: पहिल्या प्रवासापूर्वीची जुळणी

गाडी घरी आल्यावर सर्व ऑइल आणि फिल्टर बदलावेत, म्हणजे पुढचा हिशेब तुमच्यापासून सुरू होईल. प्रीलोड दोघांच्या आणि सामानाच्या वजनासह पुन्हा मोजून लावावा. नंतर हेडलाइट तपासावा. मागचा भाग दबल्याने प्रकाशझोत वर जातो आणि समोरून येणाऱ्यांचे डोळे दिपतात. गाडी भिंतीसमोर उभी करून, दोघांनी बसून, झोत खाली आणावा.

सामान भरताना जड वस्तू साइड बॉक्समध्ये तळाशी आणि शक्य तितक्या पुढे ठेवाव्यात, दोन्ही बाजूंचे वजन सारखे असावे, आणि टॉप बॉक्समध्ये पावसाळी पोशाख, हातमोजे अशा हलक्या वस्तूच ठेवाव्यात. खुणा ठरवून घ्याव्यात: एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबायचे आहे. चढण्याआधी सहप्रवाशाने विचारावे आणि चालकाने ‘या’ म्हटल्यावरच पाय उचलावा, उतरतानाही तेच.

पहिला प्रवास दीडशे किलोमीटरच्या आत ठेवावा आणि दर ५०-६० किलोमीटरला थांबावे. प्रत्येक थांब्यावर एकच बदल करावा, मग तो विंडशील्डचा असो, डॅम्पिंगचा असो वा पाठीच्या गादीचा, आणि तो वहीत लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केले तर कशाने बरे वाटले ते कळत नाही. परत आल्यावर शॉकॲब्सॉर्बरचा दांडा, टॉप बॉक्सच्या स्टँडचे बोल्ट आणि चेनचा ताण पुन्हा एकदा पाहावा. नव्याने लादलेल्या वजनाखाली सैल होणारे बोल्ट पहिल्या शे-दोनशे किलोमीटरांतच सैल होतात.